क्राउडफंडिंगचं घड्याळ: आठ महिने वापरल्यावर केबलने रडवलं

गेल्या आठवड्यात चार्जिंगची केबल गेली, म्हणून हे लिहितोय. स्मार्टवॉच ठणठणीत आहे. पण त्याची केबल कुठेच विकत मिळत नाही.

२०२३ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या साइटवर, १२९ डॉलर भरले होते. ई-पेपर, म्हणजे छापील कागदासारखी दिसणारी स्क्रीन, आणि दहा दिवसांची बॅटरी. शिपिंग, बँकेचा फॉरेक्स मार्कअप (डॉलरच्या व्यवहारावरचं जादा शुल्क) आणि कुरिअरवाल्याने दारात मागितलेले कस्टम्सचे साडेचार हजार धरून ते पावणेसतरा हजारांना पडलं. तेही सांगितलेल्या तारखेनंतर अकरा महिन्यांनी.

उशिराबद्दल तक्रार नाही. पेबल या स्मार्टवॉच कंपनीने किकस्टार्टरवरच २०१२ मध्ये एक लाख डॉलर मागितले, एक कोटीच्या वर मिळाले, तरी सप्टेंबरचा वायदा जानेवारी २०१३ वर गेलाच. वेल्समधल्या झानो ड्रोनला तर बारा हजार लोकांनी २३ लाख पौंड दिले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीच बुडाली. बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. मला निदान वस्तू मिळाली, म्हणून पहिले तीन महिने मी भेटेल त्याला ‘घेच’ म्हणून सांगत होतो. आणि स्क्रीन खरंच सुरेख आहे. भर दुपारी सिग्नलला स्कूटर थांबवून मनगटाकडे बघितलं तरी आकडे छापल्यासारखे दिसतात.

आता केबल. मागे चार बारीक पिना, त्यावर चुंबकाने चिकटणारं टोक. मोहिमेच्या व्हिडिओत तो ‘टक्’ आवाज मलाही फार आवडला होता. घामाने पिना काळ्या पडल्या, त्या मी खोडरबराने घासून साफ केल्या. मग टोकाजवळ वायर सोलली आणि एक दिवस चार्जिंग बंद. कंपनीला चार ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. किकस्टार्टरकडे दाद मागावी तर करार पैसे देणारा आणि प्रकल्पवाला यांच्यातला. किकस्टार्टर त्याचं पाच टक्के कमिशन घेऊन मोकळं.

शेवटी पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या दादांनी मल्टिमीटर लावून कडेच्या दोन पिना पॉवरच्या असल्याचं शोधलं, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात दोन स्प्रिंगच्या पिना बसवल्या आणि जुन्या यूएसबी वायरला जोडल्या. दीडशे रुपये. घड्याळ चार्ज झालं! त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. साधं यूएसबी-सी दिलं असतं तर ही वेळच आली नसती.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि चार तारे देणार होतो. काल फोन बदलला. नव्या फोनशी घड्याळ जोडायला ॲप आधी लॉगिन मागतं, आणि लॉगिनचा सर्व्हर बंद आहे. आता घड्याळ फक्त वेळ दाखवतं. दोन तारे.

पेबल २०१६ च्या डिसेंबरात बंद पडली, ३० जून २०१८ ला तिचे सर्व्हरही गेले. पण रिबल नावाने वापरकर्त्यांनीच पर्यायी सेवा उभी केली आणि ती घड्याळं चालू राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलचं सॉफ्टवेअर खुलंही केलं. पेबलमागे एवढी माणसं होती. माझ्या घड्याळाच्या मागे कोण उभं राहणार?

भाचा सध्या अशाच एका मोहिमेतली स्मार्ट रिंग घ्यायला निघालाय. त्याला सांगितलं, वस्तू कधी येणार ते विचारू नकोस. चार्जर सुटा विकणार का, आणि तुमचा सर्व्हर बंद पडला तर ॲप चालेल का, एवढंच विचार. त्याने सोमवारी विचारलं. आज शुक्रवार. उत्तर आलेलं नाही, आणि त्याने अजून कार्ड काढलेलं नाही.