टिश्यूवर नायट्रेट डोप आणि अ‍ॅक्रेलिक रंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रति चौरस मीटर सुमारे १२ ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू (मॉडेल विमानाच्या सांगाड्यावर बसवायचा पातळ कागद), कमी ताणणारा नायट्रेट डोप (टिश्यू ताणून त्याची छिद्रे बुजवणारे लॅकर) आणि वरून एअरब्रशने अ‍ॅक्रेलिक. हा संच ४५ ते ७५ सेंटिमीटर पंखविस्ताराच्या, पिळलेल्या रबरवर उडणाऱ्या मॉडेल विमानांवर दमट आणि कोरड्या अशा दोन्ही हवेत वापरून झाला. डोपला पैकीच्या पैकी गुण, टिश्यूला थोडे कमी. अ‍ॅक्रेलिक मात्र काठावर पास, आणि त्याचे कारण वजन.

हिशेब करून बघा. पंखाच्या दोन्ही बाजू धरून १० चौरस डेसिमीटर झाकायचे असेल, तर टिश्यू लागतो १.२ ग्रॅम. त्यावर वाळल्यानंतर १० मायक्रॉन उरेल एवढाच रंग चढवला, तरी तो साधारण १.३ ग्रॅम भरतो. म्हणजे रंगाचा एक पातळ हात आख्ख्या टिश्यूइतका जड. पांढरा आणि पिवळा तर एका हातात झाकतच नाहीत, त्यामुळे दुसरा, तिसरा हात होतो. शेपटीवर हे आणखी महागात पडते. शेपटीचे अंतर गुरुत्वमध्यापासून नाकापेक्षा दोन-तीनपट असते, त्यामुळे तिथे वाढलेल्या १ ग्रॅमसाठी नाकात २-३ ग्रॅम वजन भरावे लागते. म्हणून मूळ रंग रंगीत टिश्यूचाच ठेवावा आणि एअरब्रश फक्त पट्टे, खुणा आणि कॅमोफ्लाजच्या कडांपुरता काढावा.

टिश्यूला दिशा असते. कोपऱ्यातली पट्टी फाडून पाहा: सरळ फाटते ती धाग्याची दिशा. आडव्या दिशेने टिश्यू जास्त आक्रसतो, म्हणून पंखावर धागा पंखाच्या लांबीला समांतर ठेवायचा. उलटा लावला तर रिबांच्या (पंखाच्या फासळ्यांच्या) मधे टिश्यू खोल बसतो. चकचकीत बाजू बाहेर. रंगीत टिश्यूचा तुकडा आधी ओला करून पांढऱ्या कागदावर दाबावा, काही रंग पाण्याने सुटतात. गुण कापले ते उन्हासाठी: टिश्यू हळूहळू फिकटतो, शेजारचा अ‍ॅक्रेलिक पट्टा तसाच राहतो आणि फरक डोळ्यात भरतो.

चिकटवण्यासाठी सांगाडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, जिथे टिश्यू टेकणार त्या कडांना निम्मा डोप, निम्मा थिनर असे दोन हात द्यावेत आणि मधे पुन्हा हलके घासावे. मग कोरडा टिश्यू पसरून कडेवर वरून नुसता थिनर फिरवायचा. खालचा डोप विरघळतो आणि टिश्यू धरतो. ताणण्यासाठी निम्मे पाणी, निम्मे आयसोप्रोपिल अल्कोहोल असा बारीक फवारा पुरतो. नुसत्या पाण्याने नाजूक शेपटी पिळवटते. पंख ओला असतानाच बोर्डावर दाबून ठेवावा, पण खाली दीड मिलिमीटरच्या पट्ट्या सारून, म्हणजे खालच्या बाजूलाही हवा लागते. वॉशआउट (पंखाच्या टोकाची मागची कड किंचित वर असणे) हवा असेल तर टोकाच्या ट्रेलिंग एजखालची, म्हणजे मागच्या कडेखालची, पट्टी ३ मिलिमीटरची घ्यायची. रात्रभर हात लावायचा नाही.

डोप एक भाग आणि थिनर एक ते दीड भाग, ३० मिलिलिटर मिश्रणात एरंडेल तेलाचे तीन-चार थेंब. दोन पातळ हात पुरे. पहिला पूर्ण मुरतो, दुसरा छिद्रे बुजवतो, तिसरा फक्त वजन वाढवतो. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यायचे. एरंडेलाचे महत्त्व पहिल्या आठवड्यात कळत नाही. नायट्रेट डोप वाळल्यानंतरही बराच काळ आक्रसत राहतो आणि तेल कमी पडले तर सुरुवातीला सपाट असलेली शेपटी नंतर पिळते. तेल जास्त झाले तर पृष्ठभाग चिकट राहतो आणि वर रंग धरत नाही. दमट हवेत डोपवर पांढरी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन हवेतली वाफ तिथे साचते. सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा हलका फवारा मारला की ती बहुधा निघते. तरीही शक्य असेल तर कोरड्या दिवसाची वाट पाहिलेली बरी. नायट्रेट चटकन पेट घेतो, तेव्हा ज्योत, ठिणगी लांब आणि खिडक्या उघड्या. मॉडेलच्या छोट्या ग्लो इंजिनच्या इंधनाला तो टिकत नाही. तिथे ब्युटिरेट डोप घ्या.

अ‍ॅक्रेलिक डोपशिवाय कोऱ्या टिश्यूवर मारू नये, पाण्याने टिश्यू सैल पडतो. ०.३ मिलिमीटरची सुई, १५ पीएसआयच्या आसपास दाब, १० ते १२ सेंटिमीटर अंतर, आणि रंग पडताच जवळपास वाळलेला दिसला पाहिजे. ओला चकाकला तर जास्त झाला. खरा त्रास मास्किंग टेपचा आहे. नेहमीची टेप डोपसकट टिश्यूचे तंतू उचलते. कमी चिकट टेप घेऊन, ती आधी तळहातावर दोनदा चिकटवून, काढताना अगदी मागे दुमडून ओढली तर निभावते. पण उघड्या रिबांच्या मधे टेप दाबताना बोट आरपार जातेच. त्यापेक्षा अक्षरे आणि पट्टे काळ्या किंवा रंगीत टिश्यूचे नव्या ब्लेडने कापून थिनरने चिकटवणे सरस. वजन नगण्य आणि कड अधिक धारदार.

रंगातला एकमेव अपवाद चंदेरी. पातळ डोपमधली अ‍ॅल्युमिनियम पूड एकाच हलक्या हातात झाकते. पॅनेलच्या रेघांसाठी ०.१ मिलिमीटरचे पिगमेंट शाईचे पेन वापरावे. पर्मनंट मार्करची शाई डोप लागताच पसरते.

दमट दिवशी दोन हातांचा टिश्यू थोडा ढिला वाटतो आणि कोरड्या हवेत परत ताणला जातो. हा दोष धरू नये. पीळ आलाच तर वाफेवर धरून उलट दिशेने किंचित जास्त मुरडायचा आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. डागडुजीत मात्र फरक स्पष्ट दिसतो. रंगीत टिश्यूवरची चीर त्याच टिश्यूचा, त्याच दिशेचा तुकडा थिनरने बसवला की हातभर अंतरावरून दिसत नाही. रंगवलेल्या भागाचे तसे नाही. छटा जुळत नाही, नव्या रंगाची कड उठून दिसते, आणि शेवटी दोन रिबांमधला सगळा टिश्यू कापून नवा लावावा लागतो.