विधानसभेचं मत आणि पदवीधर मतदारसंघाचं मत

खान्देशातून विधानसभेवर २० आमदार जातात : जळगावातून ११, धुळ्यातून ५, नंदुरबारमधून ४. नंदुरबारच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. मतदार यादीत नाव असेल तर मशीनचं बटण दाबायचं, सर्वाधिक मतं घेणारा निवडून येतो. मुदत पाच वर्षं.

विधान परिषदेचा नाशिक पदवीधर मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा, त्यात आपले तिन्ही येतात. इथे यादी दरवेळी नव्याने बनते. गेल्या वेळी नाव होतं म्हणून निर्धास्त राहू नका, फॉर्म १८ पुन्हा भरा. पदवी १ नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षं मिळालेली हवी. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा. १ हा आकडा नसेल किंवा नुसती बरोबरची खूण केली, तर मत बाद. आकडा केंद्रावर मिळालेल्या पेनानेच लिहायचा. जिंकायला लागणाऱ्या मतांचा ठरलेला कोटा कुणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. म्हणून दुसरी पसंतीही जरूर लिहा. हा आमदार सहा वर्षं राहतो. शहाद्याच्या पदवी नसलेल्या शेतमजुराला मात्र या दुसऱ्या निवडणुकीत मतच नाही, आणि मला ते खटकतं.