एलईडीवाला शालेय मायक्रोस्कोप: कोकणातला पावसाळा काढल्यानंतर

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेला साधा मायक्रोस्कोप. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) १०एक्स, ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगं) ४, १० आणि ४०. रत्नागिरीच्या हवेत जूनपासून वापरात आहे. पेशीतली पाण्याची ये-जा बघायची असेल तर १०० पट (१० गुणिले १०) पुरे. ४०एक्स क्वचितच लागतो.

सगळ्यात छान दिसतं ते रिओच्या (खालून जांभळी पानं असलेलं शोभेचं झाड) पानात. पान तिरकं फाडून खालच्या जांभळ्या बाजूची पातळ साल काढायची, पाण्याच्या थेंबात पसरून कव्हरस्लिप ठेवायची. मग एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब (१०० मिलीत ५ ग्रॅम), समोरच्या कडेला टिपकागद, म्हणजे तो द्रावण सालीवरून ओढून घेतो. काही मिनिटांत पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि जांभळा भाग भित्तिकेपासून (पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून) सुटून आत गोळा होतो. हा रससंकोच. रंग रिक्तिकेतच (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) असतो, त्यामुळे वरून काही रंग घालावा लागत नाही. भित्तिका आणि गोळा यांच्यामधल्या जागेत मिठाचं पाणी असतं, कारण भित्तिका मीठ अडवत नाही, प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं पातळ आवरण) अडवतं. मुलांच्या आकृतीत ती जागा हमखास कोरी सोडलेली असते!

लगेच साधं पाणी ओढलं तर पेशी परत भरतात. मीठ फार कडक झालं किंवा साल त्यात फार वेळ राहिली तर पटल मरतं आणि जांभळा रंग बाहेर पसरतो. मग कितीही पाणी ओढा, उपयोग नाही. मिठाऐवजी ग्लिसरीनचं द्रावण घेऊन बघाच: पेशी आधी आकसतात, मग ग्लिसरीन हळूहळू आत शिरलं की पाणी न बदलताही फुगतात.

समुद्राचं पाणी (सुमारे ३.५ टक्के क्षार) चालतं. खाडीचं मात्र पावसाळ्यात आणू नका, ते इतकं गोडं होतं की साल ढिम्म हलत नाही.

आता तक्रारी. स्टेजच्या (स्लाइड ठेवायच्या पाटाच्या) क्लिपा खाऱ्या थेंबांनी गंजल्या. तास संपला की ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करायलाच हव्यात. ४०एक्सची भिंग कव्हरस्लिपला जवळजवळ टेकते, त्यामुळे जास्तीचं पाणी टिपल्याशिवाय ती फिरवू नये. सोबत आलेली लाकडी पेटी आपल्याकडे निरुपयोगी: ओल धरते आणि भिंगांवर बुरशीचे जाळीदार डाग येतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल बरं, पण जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं. चार्जिंगची बॅटरी मात्र वसूल; श्रावणात लाइट गेली तरी प्रॅक्टिकल थांबत नाही.

घेणार असाल तर १००एक्सच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हवर पैसे घालू नका. त्याऐवजी स्लाइड सरकवायला स्क्रूची स्टेज घ्या, कारण टिपकागद लावताना बोटाने हललेली स्लाइड म्हणजे हातची गेलेली पेशी.