घडीचा रॅम्प घ्यायच्या आधी पायरी मोजा

दवाखान्याच्या किंवा दुकानाच्या दारात एकच पायरी असते आणि व्हीलचेअर तिथेच अडते. अशा जागी सुटकेससारखा मिटणारा ॲल्युमिनियमचा रॅम्प खरोखर कामाचा. दोन पायऱ्या असतील तर मात्र चार फुटी रॅम्पच्या वाटेला जाऊ नका.

हिशेब सरळ आहे. स्वतः चाकं फिरवून चढायचं तर उतार १:१२ हवा, म्हणजे १ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी. चार फुटी रॅम्प साधारण १२० सेंमीचा. १० सेंमीच्या पायरीला तो नेमका पुरतो. पायरी १५ सेंमी झाली की उतार १:८, मागून ढकलणारा हवाच. २० सेंमीला १:६ होतो, दणकट माणूस खुर्ची नेईल, पण त्यापुढे जाऊ नये. दोन पायऱ्यांचे ३० सेंमी धरले तर १:४. खुर्ची मागे कलंडू शकते आणि पाय ठेवायच्या पट्ट्या खालीच रॅम्पला धडकतात. जाहिरातीतली पायरी नेहमी चार बोटांची का असते, ते यावरून कळावं. मोजताना जमिनीपासून उंबऱ्याच्या माथ्यापर्यंत मोजा. नुसती पायरी मोजली की उंबरा हमखास राहतो.

मग सहा फुटीच का घेऊ नये? वजनामुळे. चार फुटी १०-११ किलोचा, सहा फुटी १५ किलोच्या पुढे. आणि जो खुर्ची ढकलतो त्यालाच रॅम्पही उचलायचा असतो. घराच्या दारात कायम ठेवायचा असेल तर सहा फुटीच बरा.

बनावटीत सगळ्यात आधी वरची टेकणारी पट्टी बघा. ती पूर्ण रुंदीने ओट्यावर बसली पाहिजे आणि तिच्या खाली रबर हवं. चाक चढताना रॅम्पला मागे रेटत असतं. गुळगुळीत फरशीवर रबर नसलेली पट्टी तेव्हाच निसटते. बॅटरीच्या खुर्चीत हा रेटा जास्त, म्हणून पट्टीला खिट्टी अडकवायची भोकं असलेला रॅम्प घ्या. खालची कड वाकलेली असेल तर पुढची छोटी चाकं तिथेच अडतात. वरचा खरखरीत थर चाकांच्या दोन पट्ट्यांत आधी झिजतो, पावसात घसरण तिथूनच सुरू होते. बिजागरीत वाळू गेली की रॅम्प सपाट उघडत नाही. ब्रशने झाडा, तेल घालू नका, तेलाला आणखी वाळू चिकटते.

दोन वेगळ्या पन्हाळींचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना एकेक पन्हाळ असलेला प्रकार हलका असतो, पण तीनचाकी स्कूटरचं मधलं चाक त्यात बसणार नाही. साध्या खुर्चीलाही पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, तेव्हा अरुंद पन्हाळ उपयोगाची नाही. उंबरा दोन-तीन सेंमीचाच असेल तर रबरी पाचर पुरते. न्हाणीघराच्या दारात मात्र ती पाणी अडवते.

उतरताना खुर्चीची पाठ उताराकडे करून ती मागे-मागे आणायची आणि धरणाऱ्याने खालच्या बाजूला राहायचं. दार बाहेर उघडणारं असेल तर आधी ते उघडून अडकवा, मगच रॅम्प टाका. नाहीतर खुर्ची उतारावर लटकलेली आणि दार तिच्या पुढ्यात.