हरकती असलेलं पान की बिनहरकतींचं?
अरबीत ऱ्हस्व स्वर अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणांनी दाखवतात, त्याच हरकती, लहान मुलांच्या पुस्तकात असतात आणि पुढच्या वर्गांत गायब. डिस्लेक्सियावाल्या, म्हणजे वाचताना अक्षरांशी झगडणाऱ्या पोराला हरकतींमुळे उच्चार आयता मिळतो खरा, पण नेमके तेच स्वर चुकतात, त्यात बा, ता, सा यांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे पानभर ठिपक्यांची नुसती गर्दी! हरकती काढल्या की पान मोकळं, पण क-त-ब दिसल्यावर ‘कतबा’ म्हणजे त्याने लिहिलं की ‘कुतुब’ म्हणजे पुस्तकं, हे वाक्यावरून ओळखायचं, आणि अक्षरं जुळवण्यातच दमलेलं पोरगं संदर्भ कधी बघणार? मला विचाराल तर सुरुवातीला हरकती हव्यातच, फक्त टाइप मोठा घ्या.