सिझरचे टाके: धागा, पिना की ग्लू?

सिझरची तारीख ठरली की शेवटच्या तपासणीला एक प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा तो पेशंट विचारतच नाही, तिची आई किंवा सासू विचारते: "डॉक्टर, टाके विरघळणारेच घालाल ना? काढायला नको ना लागायचे?" त्यांच्या वेळी बेंबीखाली उभा छेद असायचा, काळ्या धाग्याचे टाके असायचे आणि आठव्या-दहाव्या दिवशी ते एकेक कापून ओढले जायचे. ते दुखणं त्या विसरलेल्या नसतात.

प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. टाके काढायला लागतील की नाही, यापेक्षा जखम नीट मिटेल की नाही हे आधी बघायला हवं. आणि तिथे या पद्धतींमध्ये खरोखरच फरक आहे.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. सिझरमध्ये पोट थराथरानं उघडतं आणि थराथरानंच शिवलं जातं. गर्भाशय वेगळं, पोटाच्या स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण वेगळं, मग चरबी, मग कातडी. खोकला आला, बाळाला उचललं, तर ताण पेलतो तो त्या पांढऱ्या आवरणाचा टाका, आणि तो सावकाश विरघळणाऱ्या जाड धाग्यानंच घालतात, वर कातडीला काहीही वापरलेलं असो. त्यामुळे "विरघळणारे टाके कच्चे असतात, वजन उचललं की सुटतील" ही भीती चुकीच्या थराला चिकटलेली आहे. आपण इथे बोलतोय ते फक्त वरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कातडीबद्दल.

आतून घातलेला विरघळणारा टाका

दवाखान्याच्या बिलावर याला कधीकधी 'कॉस्मेटिक टाके' म्हणतात. नाव भारी असलं तरी पद्धत साधी आहे. सुई कातडीच्या अगदी खालून, आडवी, एकदा या कडेतून आणि एकदा त्या कडेतून नागमोडी नेतात आणि दोन्ही टोकांच्या गाठी आत पुरतात. बाहेरून फक्त एक बारीक रेघ दिसते. काढायला काहीच नसतं.

धागा कुठला, हे मात्र विचारण्यासारखं आहे. आपल्याकडे दोन नावं सारखी ऐकू येतात: व्हिक्रिल आणि मोनोक्रिल. व्हिक्रिल अनेक तंतू गुंफून केलेला, मोनोक्रिल एकाच तंतूचा. गुंफलेल्या धाग्याच्या फटींत जंतूंना आसरा मिळतो, एका तंतूला फट नसते. 2017 मध्ये अमेरिकेत सिझरच्या बायकांवर या दोघांची थेट तुलना प्रसिद्ध झाली. व्हिक्रिलच्या गटात जखमेच्या तक्रारी 14.4 टक्के होत्या, मोनोक्रिलच्या गटात 8.8 टक्के. आडव्या छेदाच्या सिझरला मी मोनोक्रिलच्या बाजूची आहे.

मोनोक्रिलची ताकद साधारण तीन आठवड्यांत संपते, पूर्ण विरघळायला तीन-चार महिने लागतात. तीन आठवड्यांनी कातडीच्या जखमेत मूळ ताकदीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी ताकद आलेली असते. ऐकायला हे धडकी भरवणारं वाटतं, पण ओझं खालच्या आवरणावर असल्यामुळे अडत नाही.

या टाक्याच्या दोन कटकटी आहेत. एक, रेघेच्या कोपऱ्यात पुरलेली गाठ कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वर डोकावते, टोचते, कपड्याला अडकते. घरात लगेच "टाका पिकला" असा ओरडा होतो. बाहेर आलेलं टोक डॉक्टर कात्रीनं कातडीलगत कापतात आणि विषय संपतो. ते घरी ओढू नये. दुसरी कटकट जास्त खरी. सलग धाग्याखाली रक्त किंवा पू साठला, तर एकच टाका काढून वाट करून देता येत नाही. धागा मध्ये कापला की शेजारची ओळही सैल पडते.

पिना, म्हणजे स्टेपल

कागद जोडायचा स्टेपलर असतो तसाच, फक्त निर्जंतुक आणि एकदाच वापरायचा. सहायक चिमट्यानं दोन्ही कडा जुळवून धरतो, डॉक्टर खटाखट पिना मारत जातात. कातडी दोन-तीन मिनिटांत बंद. स्टेपलचं सगळं आकर्षण या वेगात आहे. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तर धाग्याला पिनांपेक्षा सुमारे सात मिनिटं जास्त लागतात.

त्या सात मिनिटांची किंमत कोण मोजतं? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 746 बायका होत्या. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीनं निम्म्या जणींना धागा आणि निम्म्या जणींना पिना. जखमेची काही ना काही तक्रार धाग्याच्या गटात 4.9 टक्के, पिनांच्या गटात 10.6 टक्के. तपशिलात गेलं की कळतं, हा फरक मुख्यतः जखमेच्या कडा सुटण्यामुळे पडला: धाग्याला 1.6 टक्के, पिनांना 7.4 टक्के. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं 2021 च्या सिझरविषयक मार्गदर्शनात याच कारणासाठी पिनांऐवजी धाग्याचा विचार करा असं सांगितलं आहे. व्रण दिसायला कसा, दुखतं किती, यांत मात्र दोघांत ठाम फरक चाचण्यांमध्ये दिसत नाही. 'पिना मारल्या तर व्रण घाण होतो' असं म्हणतात, त्याला फारसा आधार नाही.

पिना काढणं हा ज्याच्या त्याच्या धीराचा प्रश्न. त्यासाठी एक खास चिमटा असतो. त्याचं खालचं पातं पिनेखाली सरकवायचं आणि दाबायचं, की पिन मध्ये दुमडते, तिचे पाय बाजूला उघडतात आणि ती सरळ वर उचलली जाते. घाईनं तिरकी ओढली तर टोचते. आडव्या छेदाच्या पिना बऱ्याचदा चौथ्या दिवसाच्या आसपास, घरी सोडतानाच काढतात आणि वर चिकटपट्ट्या लावतात. उभा छेद असेल किंवा वजन जास्त असेल तर सात ते दहा दिवस ठेवतात. माझ्या मते लवकर काढण्यातच अर्धा घोळ आहे. चौथ्या दिवशी कातडीचा जोड अगदीच कोवळा असतो.

म्हणून पिना टाकाऊच असं नाही. पेशंटचं रक्त बरंच गेलंय, भूल लांबलीय, बीपी डळमळतंय, अशा वेळी टेबलावरची सात मिनिटं वाचवणं हेच शहाणपण. ठरवून केलेल्या, शांतपणे चाललेल्या सिझरमध्ये मात्र मला त्याचं कारण सापडत नाही.

साधे, बाहेरून दिसणारे नायलॉनचे टाके

सरकारी रुग्णालयांत आणि उभ्या छेदाला हे अजूनही भरपूर दिसतात. धागा स्वस्त, कुठेही मिळणारा. (सरकारी दवाखान्यात तसाही खर्च पडू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून तिथे सिझरही, त्याच्या औषधं-साहित्यासकट, मोफत आहे.) टाके सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काढतात. जास्त दिवस राहिले किंवा फार आवळले, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना आडव्या खुणा उमटतात, रेल्वेच्या रुळासारख्या.

शहरातल्या पेशंटला हे टाके सांगितले की चेहरा पडतो. पण यांची एक बाजू कुणी सांगत नाही. पाणमोट फुटून फार वेळ गेलाय, आत संसर्ग आहे, जखम पिकेल अशी शंका आहे, तेव्हा सुटे टाकेच बरे. पू झाला तर तिथला एक टाका काढायचा, बाकीचे जागच्या जागी. अशा वेळी डॉक्टरांनी सुटे टाके घातले असतील तर ते हलक्या दर्जाचं काम झालं असं समजू नका.

यातला एक मधला प्रकारही आहे. न विरघळणारा प्रोलिनचा धागा आतून नागमोडी घालायचा, दोन्ही टोकं बाहेर ठेवायची, आणि आठवडाभरानं एक टोक कापून दुसरीकडून सावकाश ओढून घ्यायचा. रेघ सुरेख येते, आत काही राहत नाही. काढताना एक लांब सणक जाते, बस. धागा अडला तर जोर लावायचा नसतो, थोडं थांबून पुन्हा ओढायचा.

ग्लू

'बिनटाक्याचं सिझर' अशी पाटी वाचली असेल, तर त्यातला 'बिनटाक्याचं' हा भाग फक्त सगळ्यात वरच्या कातडीपुरता असतो. सायनोॲक्रिलेट जातीचं हे द्रव्य जुळवलेल्या कडांवर वरून लावतात, ते मिनिटाच्या आसपास सुकतं आणि पाच ते दहा दिवसांत आपोआप पापुद्र्यासारखं निघून जातं. कडांवर ताण असेल तर ते टिकत नाही, म्हणून खाली विरघळणारे टाके बहुधा घालावेच लागतात. लहान चाचण्यांमध्ये निकाल धाग्याच्या तोडीस तोड आले आहेत. पैसे जास्त. त्यावर मलम किंवा तेल लावलं की ते विरघळतं, आणि आपल्याकडे बाळंतिणीच्या अंगाला तेल न लावता दहा दिवस जातील असं घर विरळा. काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जीही येते.

मग कुणी काय निवडायचं?

ठरवून होणारं सिझर, आडवा छेद, वजन आटोक्यात, शुगर नाही: विरघळणारा आतला टाका, शक्यतो मोनोक्रिल. इथे फार विचार करायची गरज नाही.

वजन जास्त असेल तर कातडीपेक्षा तिच्याखालच्या चरबीबद्दल विचारा. चरबीचा थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तो वेगळा शिवला पाहिजे, नाहीतर त्या पोकळीत पाणी साठतं आणि वरचा टाका कितीही चांगला असला तरी जखम उसवते. कातडीला इथेही धागाच बरा. मधुमेह असेल तर ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरच्या आठवड्यातली शुगर धाग्याच्या कंपनीपेक्षा महत्त्वाची.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर हा मुद्दा आधीच बोलून घ्या. सिझर पुण्यात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गाडी करून माणदेशातल्या किंवा कोकणातल्या गावी, असं सर्रास होतं. नायलॉनचे टाके प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्सही काढून देते. पिना काढायचा चिमटा मात्र तिथे असेलच असं नाही. पिना ठेवून जायचं असेल तर तो चिमटा दवाखान्यातून मागून घ्या आणि टाके काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी गाठ वाढण्याची सवय असेल, घरात कुणाला केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड, उंच व्रण) असेल, तर ते सांगाच. धागा बदलून केलॉइड टाळता येतो असं नाही, पण जखम भरल्यावर सिलिकॉनची पट्टी वेळेवर सुरू करता येते.

तातडीचं सिझर असेल तर निवड डॉक्टरांवर सोडा. पण आधी विचारलेलं असलं की निदान त्यांच्या डोक्यात राहतं.

धाग्याची चर्चा घरात तासभर रंगते, पण जखम पिकणं न पिकणं त्याहून जास्त इतर गोष्टींवर ठरतं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन छेद घेण्याआधी मिळालं का? कातडी कशानं पुसली? 2016 च्या एका चाचणीत क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलनं पुसलेल्यांत जखमेचा संसर्ग 4 टक्के होता, आयोडीन-अल्कोहोलनं पुसलेल्यांत 7.3 टक्के. आणि आदल्या रात्री घरी ब्लेडनं केस काढून येऊ नका. त्या बारीक चिरांतच जंतू घर करतात. लागलेच तर दवाखान्यात मशीननं कापतात.

घरी आल्यावर "भात देऊ नका, डाळ देऊ नका, टाके पिकतील" हे सुरू होतं. भात-डाळीनं टाके पिकत नाहीत. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि बाळंतिणीची डाळ बंद करणं म्हणजे नेमकं तेच काढून घेणं. शेक-शेगडीबद्दल मात्र मी कडक आहे. छेदाच्या वरची कातडी काही महिने बधिर असते, चटका बसतोय हे तिला कळतच नाही, आणि टाक्यांपेक्षा भाजल्याची जखम जास्त छळते.

लाली पसरत चालली, ताप आला, वास येणारा पू आला, कडा फाकल्या तर फोन न करता सरळ या. गुलाबी पाण्यासारखा स्राव अचानक भसाभस आला तर त्याच क्षणी निघा. तिथे कातडीचा नाही, खालच्या आवरणाचा टाका सुटलेला असू शकतो. या तक्रारी बहुधा घरी गेल्यावरच सुरू होतात, म्हणून पहिले दहा-बारा दिवस रोज कुणीतरी उजेडात जखम बघावी. पोट लोंबत असेल तर घडी उचलून बघावी, कारण ओल तिथेच राहते.

आणि दुसऱ्या खेपेला सिझर असेल, तर मागच्या वेळी काय घातलं होतं आणि ते कसं भरलं, हे सांगा. पुष्कळदा जुना व्रण कापून काढूनच नवी कातडी जुळवतात, म्हणजे पहिल्या खेपेची वाकडी किंवा जाड रेघ सुधारायची संधी तिथे मिळते. मागच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा. धाग्याचं नाव बहुतेक वेळा त्यावर लिहिलेलं नसतं, पण जखम पिकली होती, ड्रेसिंगला यावं लागलं होतं, एवढी नोंद असली तरी पुष्कळ उपयोग होतो.