बंद बरणीतल्या परिसंस्थेचं किट: बरणी मस्त, माहितीपत्रक कच्चं

किटमध्ये घट्ट झाकणाची काचेची बरणी, खडे, कोळशाचा चुरा, माती, मॉस, फर्नची दोन रोपं आणि एका डबीत स्प्रिंगटेल येतात. स्प्रिंगटेल म्हणजे मातीतले एकदम बारीक, सहा पायांचे जीव, पोटाखाली दुमडलेली शेपटी आपटून टुणकन उडतात.

पैसे वसूल होतात ते ह्यांच्यामुळेच. सुरुवातीला एका वाळक्या पानावर पांढरी बुरशी आली, मुलं म्हणाली सडलं सगळं, पण आम्ही झाकण उघडलं नाही आणि हळूहळू स्प्रिंगटेल त्या बुरशीवर जमले, चरत राहिले आणि बुरशी विरळ होत गेली. बुरशी पान कुजवते, हे बुरशी खातात, ह्यांच्या विष्ठेतला नायट्रोजन मातीत जातो आणि तिथून परत फर्नच्या मुळांत. पुस्तकात विघटक, म्हणजे मेलेलं कुजवून मातीत मिसळणारे जीव, एका ओळीत उरकतात, इथे भिंग घेऊन बघता येतात. काचेवर धुकं धरतं, थेंब ओघळतात, पाण्याचं चक्रही समोरच.

माहितीपत्रकावर मात्र माझा राग आहे. त्यात चक्क 'ऊर्जेचं चक्र' काढलंय! पाणी, कार्बन, नायट्रोजन फिरतात, ऊर्जा फिरत नाही. ती बाहेरच्या उजेडातून येते आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बरीचशी उष्णता होऊन निघून जाते, पुढच्या पातळीला ढोबळमानाने 10 टक्केच मिळते, म्हणून तर हरणांपेक्षा वाघ इतके कमी असतात. हेच चुकीचं शिकवलं तर काय उपयोग?

वर 'पृथ्वीची प्रतिकृती' असंही छापलंय. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात बायोस्फिअर 2 नावाच्या काचेच्या सीलबंद इमारतीत 1991 साली 8 माणसं दोन वर्षांसाठी आत गेली, तर ऑक्सिजन जवळपास 21 टक्क्यांवरून 14 च्या आसपास उतरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला, कारण सुपीक मातीतले सूक्ष्मजीव भराभर ऑक्सिजन वापरत होते. एवढ्या मोठ्या इमारतीत जमलं नाही ते बरणीत कसं जमेल?

जैवविविधतेवर तर अर्धं पान, तेही नुसत्या 'जातींची संख्या' म्हणून. एकाच जातीतला जनुकीय फरक आणि परिसंस्थांचे वेगवेगळे प्रकार हेही त्यातच येतं ना. किटमधली दोन्ही रोपं एकाच जातीची आहेत, रोग आला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात आणि त्यांची जागा घ्यायला दुसरं कोणी नाही, हे सांगायची आयती संधी घालवलीये.

तरी घ्याच, फक्त समजावून तुम्ही सांगा. आणि बरणी थेट उन्हात ठेवू नका, काच तापून आतलं सगळं मरतं, खिडकीजवळचा सावलीतला उजेड पुरतो.